आतल्या जाळ्यातलं चौथं यंत्र

झ्लातोग्राद या डोंगरी गावातल्या जुन्या तंबाखूच्या गोदामात वेनेता श्तेरेवा पहिल्यांदा शिरली तेव्हा तिनं आधी भिंती ठोकून पाहिल्या. लोक अशा जागी आले की छताकडं बघतात, खिडक्यांकडं बघतात. वेनेता भिंतींकडं बघायची, कारण तिचं सगळं काम भिंतींच्या पोटात चालायचं. या भिंती दगडी होत्या, हातभर जाड. तंबाखू जाऊन एक पिढी लोटली होती, पण तुळयांना अजून तोच गोडसर, घशाला लागणारा वास होता.

गोदामात आता ध्वनिसंग्रह होता. डोंगरातल्या गावागावांतून टेप केलेले आवाज, गाणी, भांडणं, लग्नातले टोमणे, सगळं एकेका पेटीत भरून ठेवलेलं. पेट्यांना बुरशी लागायला लागली तसं ते संगणकावर उतरवायला सुरुवात झाली, आणि आता ते कायमचं ठेवायला तीन मोठी यंत्रं आली होती. तीन मजल्यांवर एकेक, म्हणजे एका मजल्याला आग लागली तरी दोन उरतील. तिन्ही मिळून एकच कोठार. प्रत्येक आवाजाच्या तीन प्रती, प्रत्येक यंत्रात एक. ही तिघं एकमेकांशी कशी बोलतील हे ठरवायला वेनेताला प्लोवदिव शहरातून बोलावलं होतं.

"दोन जाळी लागतील," तिनं संचालक स्तामेन बोझिनोव यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. "एक बाहेरचं. ऐकायला येणाऱ्यांसाठी. दुसरं आतलं, फक्त या तिघांसाठी. प्रती त्यातून फिरतील. आतल्या जाळ्याला बाहेरची एकही तार लागणार नाही."

"एकात भागत नाही का?"

"भागतं. मग एखाद दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत घरातली माणसं एकमेकांना हाका मारत बसतात, आणि मला फोन येतो. मी नाही करून देणार तसं."

बोझिनोव हसले. उंच, वाकलेला, चांगल्या कोटाचा माणूस. छप्पर गळतं म्हणून दहा वर्षं सरकारी उंबरे झिजवून थकलेला. वेनेता हट्टी आहे हे त्यांच्या कानावर आलेलं होतं. आधीच्या नोकरीत एका अहवालावर सही करायला तिनं नकार दिला होता, आणि सही कर नाहीतर जा म्हटल्यावर ती उठून गेली होती. तेव्हापासून ती स्वतःची मालक.

तारा ओढायला तिच्याबरोबर झाफिर होता. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, तोंडाचा पट्टा कधी बंद नसलेला. दोघांनी पंधराएक इमारती मिळून केल्या होत्या. मजल्यामजल्यांत काचेच्या तारा टाकायच्या, त्यांतून प्रकाश जातो. प्रत्येक जोडीबरोबर एक जादा तार टाकून ठेवायची, उद्या लागली तर. एक जादा तार झाफिरनं तळघरातही सोडली आणि टोक खिळ्याला गुंडाळून ठेवलं.

फेब्रुवारी होता. बाहेर बर्फ, आत विजेच्या शेगड्या. तिन्ही यंत्रं लागली त्या सकाळी वेनेतानं त्यांना पत्ते दिले: अकरा, बारा, तेरा. मग आतल्या जाळ्यात एक हाक सोडली. कुणी आहे का, एवढीच. असेल त्यानं ओ द्यायची.

चार ओळी उमटल्या.

"चार," ती म्हणाली.

"काय चार?"

"चौघांनी ओ दिली. चौदा नंबर कोण?"

"मीच असेन," झाफिर म्हणाला. "सकाळपासून कुणी विचारलं नव्हतं, कोण आहे म्हणून."

वेनेता हसली नाही. तिनं स्वतःचा लॅपटॉप जाळ्यातून काढला, एका यंत्रावरूनच परत हाक सोडली. चार. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून कोरून आलेला एक क्रमांक असतो, माणसाच्या बोटाच्या ठशासारखा. तिघांचे होते. चौदाच्या जागी नुसती शून्यं होती. तिनं मधली पेटी बदलली, म्हणजे जिच्यात सगळ्या तारा येतात ती. दुसरी, कोरी, खोक्यातली लावली. चार. इमारतीतलं बिनतारी सगळं बंद करायला लावलं. चार. तिघांची ओ हाक सुटताक्षणी यायची. चौदाची किंचित मागून यायची, लांबच्या खोलीतून कुणी उठून दाराशी आल्यासारखी.

"सोड गं," झाफिर म्हणाला. "यंत्रांची काही खोड असेल. जेवून येऊ. संग्रहातल्या पोलिक्सेनाबाईंनी पातातनिक केलंय, बटाट्याचा वास इथवर येतोय."

"माझ्या जाळ्यात मी न बोलावलेलं कुणी बसलंय आणि मी बटाटे खात बसू?"

"सगळ्यांनीच बसावं म्हणतो मी. त्यालाही बोलव."

जेवण झाल्यावर तिनं तारा तपासायला घेतल्या. तपासायचं यंत्र छोटं असतं. काचेच्या तारेत प्रकाश सोडतं, तार जिथं संपते तिथून तो परत फिरतो, आणि किती लांब जाऊन फिरला ते यंत्र सांगतं. वापरातल्या तारा बरोबर होत्या. सगळं झाल्यावर, काहीच उरलं नाही म्हणून, तिनं तळघरातली जादा तार लावली. ती पेटीला जोडलेलीच नव्हती, आणि टोक खिळ्याला लोंबत होतं. तीसेक मीटर यायला हवे होते.

आकडा आला तो एकोणीस किलोमीटर.

तिनं झाफिरला तळघरात पाठवलं. खालून त्याचा फोन आला. "टोक माझ्या हातात आहे. उघडं. धूळ पुसली."

"कापून टाक हातभर."

तिला कात्रीचा आवाज ऐकू आला. "कापली."

आकडा तोच.

"आता अंगठा ठेव टोकावर."

"ठेवलाय," झाफिर म्हणाला. मग थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, "वेनेता, मी वर येतोय." वर आला तेव्हा तो काहीच विनोद करत नव्हता. अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून तो शेगडीपाशी बसला. "गार आहे फार," एवढंच म्हणाला.

संग्रहाच्या जुन्या राखणदार पोलिक्सेनाबाई बशा आवरत होत्या. आयुष्य त्यांनी याच टेपांत घालवलं होतं. "किती म्हणालात? एकोणीस?" त्यांनी विचारलं. "रस्त्यानं चाळीस पडतं. पण डोंगरातून सरळ रेघ मारली तर सिवोदोल तेवढंच आहे." असं बोलून गेल्याचा त्यांना पस्तावा झालेला दिसला. त्या बशा घेऊन आत निघून गेल्या.

सिवोदोल माहीत नाही असं त्या भागात कुणी नव्हतं. वेनेताच्या जन्माच्या आसपास धरणाखाली गेलेलं गाव. तिथल्या पाण्याचा रंग शिशासारखा, आणि कोरड्या उन्हाळ्यातही देवळाचा कळस वर येत नाही इतकं खोल.

वेनेताचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तिला राग आला. आपण आखलेल्या कागदावर कुणी आपल्याला न विचारता रेघ ओढावी, तसा राग. नोंदी उघडून हा चौदा नंबर करतो काय ते तिनं पाहिलं. आत काय आहे ते दिसत नव्हतं, येणंजाणं मात्र दिसत होतं. तो काही मागत नव्हता, बिघडवत नव्हता. चाचणीसाठी तिन्ही यंत्रांत जे आवाज टाकले होते, त्यांची एक प्रत त्यानंही घेतली होती. तिघांसारखीच. नियमाला धरून.

"चाचणीला कोणते आवाज टाकले तुम्ही?" तिनं पोलिक्सेनाबाईंना विचारलं.

"जे आधी तयार होते ते. सिवोदोलचेच." बाईंनी तिच्याकडं बघितलं. "ऐकायचेत?"

वेनेतानं कानाला लावलं. तिला वाटलं होतं रडणं असेल, गाव सोडतानाची गाणी असतील. तसं काही नव्हतं. तिघीचौघी बायका होत्या आणि एक सरकारी पुरुष होता, तरुण, घसा खाकरणारा. तो विचारत होता, कधी निघणार.

"कुठं?" एका म्हातारीनं विचारलं. तिला बाकीच्या स्ताना म्हणत होत्या.

"स्तानाबाई, पाणी येणार आहे."

"येऊ दे की. आम्ही काय धरून ठेवलंय त्याला?"

"घर बुडेल तुमचं."

"माझं घर माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून बुडतंय, पावसाळ्यात. कडेनं घोंगडी टाकतो. तू तुझं काम कर बाबा, आम्ही आमचं करतो. आम्ही उठणार नाही."

मग सगळ्या हसल्या. तो पुरुषसुद्धा हसला, नाइलाजानं. वेनेता टेप संपेपर्यंत बसून राहिली. तिच्या मनात दया आली नाही. आवडली तिला ती म्हातारी.

दुसऱ्या दिवशी बोझिनोवांनी तिला वर बोलावलं. टेबलावर कॉफी होती आणि त्यांचा चेहरा वाईट झोपेचा होता.

"कोठाराचा आकार तुम्ही काढलाय त्यातून एक भाग वजा करा," ते म्हणाले. "सिवोदोल. तो नव्या यंत्रांवर जाणार नाही. आहे तोही पुसायचा."

"टेपा?"

"टेपा बुरशीनं खाल्ल्या. संगणकावर उतरवलेल्या प्रतीच काय त्या उरल्यात."

"मग पुसल्या की गेल्या."

बोझिनोवांनी कप फिरवला. "ही यंत्रं कुणी दिलीत ठाऊक आहे ना? वीज कंपनीनं. धरण उंच करायचंय त्यांना, वरची दोन गावं उठवायचीत. अशा वेळी म्हातारी 'उठणार नाही' म्हणतेय हे त्यांच्याच यंत्रावरून लोकांनी ऐकावं, हे त्यांना नकोय. आणि मला छप्पर हवंय, पैसे तेच देणारेत, वेनेताबाई. बाकी चाळीस गावांचे आवाज आहेत खाली. एका गावासाठी चाळीस भिजवू?"

ते काही दुष्ट नव्हते, हे वेनेताला दिसत होतं. "मी जाळं आखते," ती म्हणाली. "पुसायचं काम माझं नाही. तुमच्या हातानं पुसा."

त्यांनी पुसलं. तिच्यासमोर, पहिल्या मजल्यावरच्या यंत्रापाशी उभं राहून. पोलिक्सेनाबाई दारात होत्या, पदर नव्हता म्हणून लोकरी जाकिटाची कड तोंडाशी धरून. यादीतून ओळी गेल्या. तिन्ही यंत्रांतून प्रती गेल्या. बोझिनोवांनी सुस्कारा सोडला आणि चष्मा पुसायला काढला.

ओळी परत आल्या.

एकेक करून, वरून खाली. अकरामध्ये, बारामध्ये, तेरामध्ये. यंत्रांनी तेच केलं होतं जे वेनेतानं त्यांना शिकवलं होतं. जोडीदाराकडं एखादी प्रत आहे आणि आपल्याकडं नाही असं दिसलं, की मागून घ्यायची. जोडीदार चौथा होता.

"हे काय चाललंय?" बोझिनोव म्हणाले.

"प्रत आहे कुणाकडं तरी."

"कुणाकडं?"

"चौदा."

"चौदा कुठंय?"

"ते मलाही सांगता येत नाही."

"माझी थट्टा करताय?"

"थट्टा करायला तो आहे," तिनं झाफिरकडं हात केला. "त्यानं कालपासून एकही केलेली नाही."

बोझिनोवांनी परत पुसलं. परत आलं. तिसऱ्यांदा त्यांचं बोट कळीवरून उठायच्या आत यादी भरलेली होती.

"तारा उपटा," ते म्हणाले. "आतलं जाळं सगळं. एकही ठेवू नका."

झाफिरनं वेनेताकडं बघितलं. तिनं मान डोलावली. तिलाही बघायचंच होतं.

नियम असा होता, तिनंच घातलेला. तिघांतल्या दोघांचं पटलं तरच काम चालायचं. एखादं यंत्र एकटं पडलं, तर त्यानं गप्प बसायचं. घ्यायचं नाही, द्यायचं नाही, बोलायचं नाही. नाहीतर प्रत्येक जण आपलंच खरं म्हणत बसतो. म्हणजे तार तुटली की तिन्ही यंत्रं गप्प व्हायला हवी होती.

झाफिर तिन्ही मजले चढला. प्रत्येक यंत्राच्या पाठीतून आतल्या जाळ्याच्या तारा काढून त्यानं खाली आणल्या आणि बोझिनोवांच्या पुढ्यात टाकल्या. पिवळ्या, वेटोळ्या, वजनच नसलेल्या.

यंत्रं चालू होती.

वेनेतानं पडद्यावर बघितलं. अकरा एकटं होतं. बारा एकटं होतं. तेरा एकटं होतं. तिघांच्याही खाली एकच ओळ होती.

बहुमत आहे.

"कुणाचं?" बोझिनोवांनी विचारलं.

शेगडीची तार तडतडली.

"काढून टाका त्याला," ते शेवटी म्हणाले. "तो नंबर बंद करता येतो ना? पत्ताच नाकारायचा."

"येतो. एक ओळ लिहायची."

"मग लिहा."

वेनेता खुर्चीवर बसली. कळफलक पुढं ओढला. ती ओळ तिला झोपेतही लिहिता आली असती. सगळं आयुष्य तिनं असले न बोलावलेले पाहुणेच बाहेर काढले होते, आणि हा तर तिच्या कागदावरचा डाग होता. अंगातली सगळी सवय सांगत होती, लिही.

तिनं हात मांडीवर घेतले.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"नाही लिहिणार. इतकी वर्षं मी एकच काम केलंय, साहेब. ठेवलेलं हरवू नये, एवढंच. याची तार कुठून येते मला माहीत नाही, आणि मला भीतीही वाटतेय, खोटं कशाला बोलू. पण तो माझंच काम करतोय. माझ्यापेक्षा बरं करतोय. त्याला मी बाहेर काढणार नाही."

"मी दुसरं माणूस आणीन."

"आणा. मी थांबते, त्याला सगळं दाखवायला."

दुसरा माणूस खरंच आला. तरतरीत होता, नीटनेटका. चौदा नंबर नाकारायला तो हात घालणार, तेवढ्यात वेनेतानं त्याच्या हातात तारा तपासायचं यंत्र दिलं आणि तळघराकडं बोट दाखवलं. तो खाली जाऊन आला. मग आपली कॉफी अर्धी टाकून, बोझिनोवांना न भेटता, गाडी काढून निघून गेला.

त्यानंतर बोझिनोव त्या विषयावर बोलले नाहीत. कंपनीची माणसं आली त्या दिवशी त्यांनी चांगला कोट घातला, आणि सिवोदोलचं काय झालं असं विचारल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुसता येत नाही." कंपनीच्या माणसांना ते उद्धटपणाचं वाटलं. पोलिक्सेनाबाईंना बोझिनोव इतक्या वर्षांत प्रथमच सरळ उभे राहिलेले दिसले. यंत्रं परत नेतो असा कंपनीचा निरोप आला. पण न्यायला आलेल्या हमालांना झाफिरनं जिन्यात गाठलं, त्यांच्याशी काय बोलला कुणास ठाऊक, ते मोकळ्या हातांनी परत गेले. छप्पर अजून गळतं.

जाताना वेनेतानं जाळ्याचा पक्का आराखडा काढून दिला. त्यात चार चौकोन होते. झाफिरनं तो बघितला.

"चौथ्याची तार कुठंय?"

"तार नाही दाखवलेली. जागा ठेवलीय फक्त."

सामान गाडीत भरून झालं होतं. ऊन चांगलं होतं, छपरावरचा बर्फ वितळून पन्हाळीतून वाहत होता. तेवढ्यात पोलिक्सेनाबाई डोक्यावर काही न घेता अंगणात आल्या. "वर येता का जरा?" त्या म्हणाल्या. "सिवोदोलच्या यादीत एक आवाज जास्त झालाय. मी टाकलेला नाही."

वेनेता वर गेली. ओळ शेवटी होती. तारीख आजची, सकाळची. तिनं कानाला लावलं.

टेपची खरखर नव्हती त्यात. अगदी स्वच्छ आवाज. बायका होत्या, स्ताना होती, कुणाच्या शेळीनं कुणाचा कोबी खाल्ला यावरून जुंपली होती. सरकारी माणूस नव्हता. वेनेताला हसू येणार होतं.

मग त्या गप्प झाल्या. सगळ्या एकदम.

लांबून एक घरघर आली. मोटरबोट होती. आवाज जवळ आला, वेनेताच्या डाव्या कानावरून वर चढला, आणि सावकाश तिच्या डोक्यावरून उजवीकडं गेला.

बायका ती जाईपर्यंत थांबल्या.

"गेली," कुणीतरी म्हणालं.

"हं," स्ताना म्हणाली. "तर काय सांगत होते मी?"